जेवण तेवढेच, मग वजन का वाढते?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे: खाणे वाढलेले नाही, तरी वजन मात्र वाढत चालले आहे. अशी तक्रार करणाऱ्याला ‘तुम्ही नकळत जास्त खात असणार’ असे सांगून वाटेला लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि आम्ही डॉक्टर मंडळीही तिला अपवाद नाही. मला ते उत्तर अपुरे वाटते. वजन नेमके कधीपासून वाढू लागले आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत घरात, कामात, झोपेत किंवा औषधांत काय बदलले, हे मी आधी विचारतो, कारण कारणाचा धागा बहुधा तिथे सापडतो. पत्रे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न: मी ४६ वर्षांची गृहिणी आहे. चार वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतला जुना वाडा सोडून आम्ही कळंबा रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि तेव्हापासून माझे वजन सात किलोने वाढले. पेठेत मंडई, देऊळ सगळे पायी होते, इथे स्कूटरशिवाय जमत नाही. पण दोन वेळचे जेवण पूर्वीइतकेच आहे. मंगळवार आणि शुक्रवार उपवास असतो, साखर बंद करून गूळ सुरू केला आहे आणि तेलही चांगल्या प्रतीचे वापरते. चाळिशीनंतर शरीर मंदावते म्हणतात, तेच कारण असेल का? (कळंबा रस्ता)

उत्तर: ताई, वयाचा मुद्दा आधी बाजूला काढू. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायू व चरबी यांचे प्रमाण लक्षात घेतल्यावर असे दिसले, की विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के इतक्या सावकाश गतीने उतरू लागतो. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे चरबी पोटाभोवती अधिक साठते आणि झोपही बिघडते, हे खरे आहे. परंतु सगळ्या सात किलोंचा दोष चाळिशीवर टाकता येणार नाही.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट घर बदलल्याची आहे. पेठेत राहताना कपिलतीर्थ मार्केटला जाणे, अंबाबाईच्या दर्शनाला जाणे, वाड्याच्या पायऱ्या दिवसातून अनेकदा चढणे-उतरणे, याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते आणि म्हणूनच तो बंद झाला तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. व्यायामाव्यतिरिक्तच्या या किरकोळ हालचालींचे वजन किती मोठे असते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. त्यांनी १६ निरोगी माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जादा अन्न सारखेच मिळाले, तरी कोणाच्या अंगावर अवघी ०.३६ किलो चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर ४.२३ किलो. ज्यांची उठबस, चालणे, उभे राहणे, चुळबुळ आपोआप वाढली ते सडसडीत राहिले. म्हणून सकाळी अर्धा तास फिरून आल्यावर उरलेला दिवस स्कूटर, लिफ्ट आणि सोफा यांत जात असेल, तर त्या फेरीवर फार विसंबू नये. फिरणे चालू ठेवाच, पण भाजी पायी आणता येईल का आणि लिफ्ट टाळता येईल का, तेही पाहा.

आता ‘जेवण पूर्वीइतकेच’ याकडे येऊ. ते मी खरे मानतो, पण जेवण म्हणजे सगळे खाणे नव्हे. घरात महिन्याला तेल किती लागते, हे एकदा मोजा. चार माणसांच्या घरात पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार बैठे काम करणाऱ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमच्या आत थांबायला हवे. तेल कोणत्या प्रतीचे आहे याने हृदयाच्या दृष्टीने फरक पडतो, वजनाच्या दृष्टीने मात्र नाही, कारण करडई, शेंगदाणा, सूर्यफूल यांपैकी कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी असतात. मिसळीचा कट किंवा घरच्या रश्शावर येणारा तवंग डोळ्यांना दिसतो, पण रोजच्या भाजीची फोडणी दिसत नाही, आणि माझ्या मते ती अधिक विचार करण्यासारखी आहे.

गुळाबद्दल कोल्हापुरात लिहिणे अवघड आहे. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची चव, रंग, वास यांचा अभिमान मलाही आहे. तरीसुद्धा १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० कॅलरी असतात आणि तेवढ्याच साखरेत सुमारे ४००. गुळातली खनिजे आपण खातो त्या प्रमाणात नगण्यच ठरतात. अडचण अशी, की ‘साखर सोडली’ या समाधानात गुळाचा खडा मोठा होत जातो. उपवासाचेही तसेच आहे. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, बटाटा आणि तूप यांची एक भरलेली बशी साडेचारशे ते पाचशे कॅलरींची होते, म्हणजे दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी आणि आमटी यांच्या साध्या जेवणाइतकी. शिवाय तिच्यात भाजी नसल्याने भूकही लवकर लागते. तुम्ही श्रद्धेने उपवास करत असाल, तर तो सोडा असे मी सांगणार नाही. वऱ्याचे तांदूळ, ताक, फळे आणि एखादे रताळे यांवर तो करता येतो. वजनासाठी मात्र त्याची गरज नाही.

एवढ्याशा गोष्टींनी सात किलो कसे वाढतील, अशी शंका तुम्हाला येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचे गणित मांडले. रोजच्या आहारात साधारण २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजनात कालांतराने एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा किंवा गुळाचा कपभर चहा ८० कॅलरींच्या आसपास जातो. नव्या सोसायटीत शेजारणींबरोबर दुपारचा एकच कप वाढला आणि बाकी काही बदलले नाही, तर तीन किलोंचा हिशेब तिथेच लागतो. हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे, आणि म्हणून मी तुम्हाला आहाराचा तक्ता पाठवत नाही. तेल महिन्याला एक लिटरने आणि चहा दिवसाला एका कपाने कमी करून सहा महिन्यांनी मला कळवा.

प्रश्न: मी ३१ वर्षांचा असून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रचालक आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नाईट असते तेव्हा दिवसा जेमतेम चार-पाच तास झोप होते. रात्री दोनला भूक अनावर होते आणि मित्रांबरोबर वडा-पाव किंवा मिसळ होते, झोप येऊ नये म्हणून थंड पेयही घेतो. दोन वर्षांत नऊ किलो वाढले. काम तर अंगमेहनतीचे आहे, मग असे का? (गोकुळ शिरगाव)

उत्तर: तुमची ती अनावर भूक हा मनाचा दुबळेपणा नाही, हे प्रथम सांगतो. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री त्यांना फक्त चार-चार तास झोपू दिले आणि दुसऱ्या वेळी दहा-दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलेले आढळले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि तरुणांची भूक सुमारे २४ टक्क्यांनी वाढली; त्यांना ओढ वाटली ती विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. तिथे वडा-पाव नव्हता, पण निष्कर्ष तुमच्या उपाहारगृहाला तंतोतंत लागू पडतो.

दुसरे कारण घड्याळाचे. आपल्या शरीरात इन्सुलिनचे काम सकाळी चांगले आणि रात्री मंद चालते, त्यामुळे तेच अन्न मध्यरात्री खाल्ले तर रक्तातली साखर जास्त काळ चढलेली राहते. बोस्टनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात १६ व्यक्तींना तेच जेवण सुमारे चार तास उशिरा दिले. त्यांची भूक वाढली, जागेपणीचा ऊर्जाखर्च थोडा घटला आणि चरबीच्या पेशींतील जनुकांची हालचाल साठवणुकीच्या बाजूला झुकली. प्रयोग लहान होता हे खरे, परंतु पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह अधिक आढळतो, हे अनेक देशांतील निरीक्षणांशी जुळते.

थंड पेयाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते खाण्यात धरले जात नाही. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका प्रयोगात त्याच माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोळ्या-मिठाया आणि दुसरे चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचे गोड पेय दिले. मिठाई खाल्ली त्या काळात त्यांनी इतर जेवण आपोआप कमी केले, पेय घेतले त्या काळात मात्र कमी केले नाही, आणि वजन वाढले ते पेयाच्या काळातच. प्यायलेल्या साखरेची नोंद भूक नीट घेत नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात उसाच्या रसाचे दोन-दोन ग्लास सहज होतात, त्यांनाही हेच लागू आहे.

रातपाळी तुमच्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे तेवढेच सांगतो. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी, आठच्या सुमारास पोटभर करा. रात्री दोनसाठी घरून डबा न्या: एक भाकरी, उसळ, ताक, भाजलेले फुटाणे. चहा-कॉफी पाळी संपण्याच्या किमान पाच-सहा तास आधी थांबवा. सकाळी घरी आल्यावर थोडे खाऊन थेट झोपा आणि खिडकीला जाड पडदा लावा. घरातल्यांना सांगा, की त्या वेळेत दारावरची बेल आणि मोबाइल बंद राहील. एकत्र कुटुंबात हे सांगणे कठीण जाते, कारण दिवसा झोपणाऱ्या माणसाला आपल्याकडे झोपलेला समजतच नाहीत. कमी झोपणाऱ्या तरुणांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली, तेव्हा कोणतेही पथ्य न सांगता त्यांचा आहार रोज सरासरी २७० कॅलरींनी घटल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. एवढा फरक पाडणारे पथ्य मी तुम्हाला देऊ शकत नाही.

अंगमेहनतीविषयी: तुम्ही यंत्रापुढे उभे असता, हे बसण्यापेक्षा चांगले आहे, पण उभे राहणे म्हणजे मेहनत नव्हे.

प्रश्न: थायरॉइडचे निदान झाले असून गोळी सुरू आहे. माझे १८ किलो जास्तीचे वजन त्यामुळेच आहे ना? (उचगाव)

उत्तर: बहुधा सगळे नाही. थायरॉइड ग्रंथी मंद झाल्याने साधारण दोन ते पाच किलो वजन वाढते आणि त्यातही बराच भाग साठलेल्या क्षाराचा व पाण्याचा असतो. गोळीने तपासणीतले आकडे योग्य पातळीवर आले असतील, तर उरलेल्या वजनाचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. गोळीचा डोस स्वतःहून वाढवू नका. त्याने हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात.

प्रश्न: मी २९ वर्षांची शिक्षिका आहे. अर्धशिशीसाठी आठ महिन्यांपासून गोळ्या चालू आहेत. डोकेदुखी बरीच कमी झाली, पण वजन सहा किलो वाढले. गोळ्यांमुळे असे होते का? त्या बंद कराव्यात का? (कागल)

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, होऊ शकते, दुसऱ्याचे उत्तर नाही, स्वतःहून अजिबात नाही. अर्धशिशी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुनारिझिन, ॲमिट्रिप्टिलिन आणि व्हॅलप्रोएट या औषधांनी भूक व वजन वाढते, प्रोप्रानोलॉलने थोडेसे वाढू शकते आणि टोपिरामेटने उलट घटते. पर्याय आहेत, पण त्यांचे स्वतःचे दोष आहेत. व्हॅलप्रोएट आणि टोपिरामेट या दोन्हींमुळे गर्भातील बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून तुमच्या वयात ती निवड डॉक्टरांनीच करायची असते. त्यांना वजनाचा आकडा आणि गोळी सुरू झाल्याची तारीख दोन्ही सांगा. रुग्ण वजनाबद्दल लाजेने बोलत नाहीत आणि आम्ही घाईत विचारत नाही, असे सर्रास घडते.

हा विषय अर्धशिशीपुरता नाही, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे अधिक लिहितो. मानसिक आजारांवरील ओलान्झापिन आणि क्लोझापिन, नैराश्यावरील मिर्टाझापिन, मधुमेहातील इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावरील प्रीगाबालिन, दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि संततिनियमनाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन, या सर्वांनी वजन वाढू शकते. यांतली बरीच औषधे जीव वाचवणारी आहेत. मधुमेहात साखर ताब्यात येताना दोन-तीन किलो वाढले म्हणून इन्सुलिन सोडणारा माणूस फार मोठी किंमत मोजतो.

दोन गोष्टींवर मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. लग्न ठरलेल्या बारीक मुलीची ‘तब्येत सुधारावी’ म्हणून दुकानातून सायप्रोहेप्टाडिन असलेले भुकेचे औषध आणून देण्याची चाल अजून गेलेली नाही. गुडघेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या ही दुसरी गोष्ट. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते, म्हणूनच दोन दिवसांत आराम पडतो. पुढे चेहरा गोल होतो, पोट सुटते, हात-पाय बारीक होतात आणि साखर वाढते. अशी पुडी अनेक महिने घेतली असेल, तर ती एकदम थांबवणेही धोक्याचे असते. उरलेल्या पुड्या सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि कोणाचेही वजन काही दिवसांतच दोन-तीन किलोंनी वाढून पायांवर सूज किंवा धाप येत असेल, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. हृदय आणि मूत्रपिंड त्याच दिवशी तपासून घ्यावीत.

प्रश्न: वयाच्या २७ व्या वर्षापर्यंत तालमीत होतो, खासबागेतही कुस्त्या केल्या. आता ३८ वर्षांचा असून दुकान सांभाळतो. तेव्हा ७८ किलो होतो, आज १०४ आहे. खुराक केव्हाच निम्मा केला आहे. वस्ताद म्हणायचे, की मेहनत सुटली की भूकही सुटते; माझी का सुटली नाही? (मंगळवार पेठ)

उत्तर: पैलवान, वस्तादांचा मान राखूनही सांगतो, की भूक मेहनतीच्या मागे-मागे खाली उतरत नाही. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतल्या कामगारांची पाहणी करून १९५६ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत आहार कामाच्या प्रमाणात वाढत होता आणि वजन स्थिर होते. पण अगदी बैठे काम करणाऱ्या कारकून-दुकानदारांचा आहार कमी होण्याऐवजी अवजड काम करणाऱ्यांच्या बरोबरीचा होता आणि वजनही त्यांचेच जास्त होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली, की भूक आणि खर्च यांचा मेळ सुटतो. तुम्ही आज गल्ल्यावर बसून त्याच मर्यादेखाली आहात.

निम्मा खुराकही बैठ्या माणसाला भारी असतो. म्हशीच्या दुधात १०० मिलीलीटरमागे सुमारे ११० कॅलरी असतात; सकाळी अर्धा लिटर आणि रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर अर्धा लिटर घेतले, तर दुधाच्याच ११०० होतात आणि बदाम-तूप वेगळे. त्यात दुकानातल्या भडंगाचे बोकणे धरलेले नाहीत. गिऱ्हाईक बघता-बघता किंवा मोबाइल बघत खाल्लेले माणसाला आठवत नाही, म्हणून पुढच्या जेवणातही ते वजा होत नाही. लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी जास्त खातो आणि नंतर त्याहूनही जास्त, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तालमीत भराभर जेवायची लागलेली सवयही सुटत नाही, आणि पोट भरल्याचे संकेत मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

रविवारचे मटण आणि तांबडा-पांढरा तुम्ही सोडावा, असे माझे म्हणणे नाही; आठवड्यातून एकदाच्या जेवणाने २६ किलो चढत नाहीत. दूध अर्ध्यावर आणा, भडंगाची बरणी नजरेआड ठेवा आणि जोर-बैठका पुन्हा सुरू करा, मात्र आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या व पूर्वीच्या आकड्यांच्या मागे लागू नका. काट्याबरोबर टेपही वापरा: आपल्याकडील पुरुषांनी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावी, असे धरतात. एक प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, तो मी विचारतो. रात्री मोठ्याने घोरता का, आणि दुपारी दुकानात डुलकी लागते का? जाड मानेच्या माणसांत झोपेत श्वास अडण्याचा विकार वरचेवर आढळतो; त्याने झोप तुटते, तुटलेल्या झोपेने भूक वाढते आणि वाढलेल्या वजनाने श्वास आणखी अडतो. उत्तर होय असेल, तर झोपेची तपासणी आधी करा, बाकीचे नंतर.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी सिगारेट पूर्ण सोडली. वजन तीन किलो वाढले, म्हणून मित्र ‘दिवसाला एक ओढ’ म्हणतात. (राजारामपुरी)

उत्तर: मित्रांचे ऐकू नका. निकोटिन भूक दाबते आणि ऊर्जाखर्च थोडा वाढवते; ते बंद झाल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतात, त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे तुमचा वाढीचा बराचसा काळ सरत आला आहे, आणि एवढ्या वजनाने होणारे नुकसान सिगारेटच्या नुकसानीपुढे किरकोळ आहे. तलफ आल्यावर तोंडात गोळी किंवा बिस्किट जात असेल, तर त्याऐवजी बडीशेप, लवंग किंवा काकडी ठेवा आणि वजनाकडे सहा महिन्यांनी पाहा.